विद्यार्थ्यांचे संशोधन आणि आपले कर्तव्य

(ज्ञातिमंडळाच्या मानोरा येथील वार्षिक संमेलनात एका निवृत्त शिक्षकांनी केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आपण सर्वांनी टाळ्यांच्या गजरात केला. त्यानंतर चार शब्द बोलण्याची आज्ञा चिटणीसांनी आम्हांस केली आणि विषयही त्यांनीच नेमून दिला. तो विषय म्हणजे ‘विद्यार्थी आणि संशोधन’. विषय ऐकून आम्ही प्रथम संकोचलो. आमचे शिक्षण जुन्या अकरावी मॅट्रिकपर्यंतचे. पुढे शिक्षकाची सनद घेतली आणि छत्तीस वर्षे खेड्यापाड्यांच्या शाळांतून मुले शिकविली. मोठी प्रयोगशाळा आम्ही पाहिली ती मुलांची सहल घेऊन गेलो तेव्हाच. अशा माणसाने संशोधनावर काय बोलावे? तथापि आम्ही होकार दिला, त्यास एक कारण आहे. या विषयासंबंधी आमच्या हातून एक चूक घडलेली आहे. ज्याच्या हातून चूक घडली त्याने ती चारचौघांत सांगावी, इतका अधिकार पदवीवाचूनही प्राप्त होतो, असे आम्ही समजतो.

संशोधन हा शब्द उच्चारताच आपल्या डोळ्यांसमोर पांढरा डगला, काचेच्या नळ्या आणि इंग्रजी ग्रंथांनी भरलेली कपाटे उभी राहतात. ‘हे आपल्या लेकरांचे काम नव्हे, ते पुण्या-मुंबईच्या मुलांचे’ असे म्हणून आपण मोकळे होतो. वस्तुतः या शब्दाचा अर्थ फार साधा आहे. शोधावे आणि शोधलेले शुद्ध करून घ्यावे, म्हणजे संशोधन. आपल्या घरातील माता-भगिनी सुपात धान्य घेऊन पाखडतात, खडा वेगळा काढतात, फोल उडवून देतात आणि दाणा तेवढा ठेवतात. ज्ञानाच्या बाबतीत हेच करावयाचे असते. त्याच्या पायऱ्या चार. मनात प्रश्न उत्पन्न व्हावा, जे दिसते त्याची नोंद नेमाने ठेवावी, एका नोंदीची दुसरीशी तुलना करावी आणि मग जेवढे सिद्ध झाले तेवढेच म्हणावे. पाचवी पायरी सर्वांत अवघड आहे. आपले म्हणणे चुकीचे असू शकेल असे मानून ते दुसऱ्याच्या हाती तपासण्यास द्यावे. या पाचही पायऱ्यांस इमारत लागत नाही. वही, पेन्सिल आणि प्रामाणिकपणा लागतो.

आता आमची चूक सांगतो. सुमारे चाळीस वर्षांपूर्वीची गोष्ट. एका शाळेत आम्ही सातवीचे वर्गशिक्षक होतो. एक शेतकऱ्याचा मुलगा, हुशारीत मध्यम, अक्षर वेडेवाकडे, पण नजर बारीक. एके दिवशी भूगोलाच्या तासाला तो उभा राहिला आणि म्हणाला, “गुरुजी, आमच्या हिरीचं पानी होळीलेच आटते, अन् काकाच्या हिरीले अखाजीपर्यंत राहते. धुरा तर एकच हाये. असं काऊन होते जी?” आम्हांस उत्तर ठाऊक नव्हते. ते ठाऊक नाही असे म्हणावयाचे धैर्यही आमच्या अंगी नव्हते. ‘हे परीक्षेला येणार आहे काय? खाली बैस,’ असे म्हणून आम्ही त्यास बसविले.

मुलगा बसला, परंतु प्रश्न बसला नाही. त्याने दोरीला हाता-हातावर गाठी मारल्या, टोकाला दगड बांधला आणि दर रविवारी दोन्ही विहिरींत ती दोरी सोडून पाणी किती हातांवर लागते हे एका वहीत लिहू लागला. दसऱ्यापासून फाल्गुनापर्यंत त्याने हा नेम चालविला. ती वही गणिताची होती. वहीच्या मागील पानांवर हे आकडे पाहून आम्ही रागावलो, वही काढून घेतली आणि शाळेच्या कपाटात टाकली. त्याच वर्षी विज्ञान प्रदर्शन होते. आम्ही स्वतः रात्र जागून मातीचा ज्वालामुखी तयार केला, त्यातून धूर काढला आणि दोन चुणचुणीत मुलांस पाठ केलेले भाषण देऊन त्याजजवळ उभे केले. आम्हांस ढाल मिळाली. पुढे एका दिवाळीत कपाट झाडले तेव्हा जुन्या कागदांबरोबर ती वहीही रद्दीत गेली.

मुलाच्या प्रश्नाचे उत्तर आम्हांस पुष्कळ वर्षांनी मिळाले. आपल्या या डोंगराळ भागाच्या मातीखाली काळा पाषाण आहे. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी भूमीतून उसळलेल्या शिलारसाचे थरांवर थर बसून तो झाला. शास्त्रात त्यास बेसाल्ट म्हणतात. अखंड पाषाणात पाणी मुरत नाही. ते साठते ते वरच्या कुजलेल्या मुरमात आणि पाषाणाच्या भेगांत. म्हणून एका धुऱ्याच्या दोन बाजूंस असलेल्या विहिरींपैकी एकीला भेग लागते, दुसरीला लागत नाही; एकीला मुरमाचा थर जाड मिळतो, दुसरीला पातळ. हे आम्हांस भूजल सर्वेक्षण यंत्रणेच्या एका कर्मचाऱ्याने सांगितले. तो गावच्या निरीक्षण विहिरीत फीत सोडून पाण्याची पातळी मोजीत होता. अशी मोजणी जानेवारी, मार्च, मे आणि ऑक्टोबर अशी वर्षातून चार वेळा होते, असे तो म्हणाला. आम्ही तेथेच खाली बसलो. जे कार्य शासनाची यंत्रणा वर्षातून चार वेळा करते, ते आमचा विद्यार्थी दर आठवड्यास करीत होता आणि आम्ही त्याची वही काढून घेतली होती!

गोष्ट येथे संपत नाही. तो मुलगा आज शेती करतो. त्याची कन्या महाविद्यालयात विज्ञान शाखेत शिकते. गेल्या वर्षी ती आमच्या घरी आली, पाया पडली आणि म्हणाली, “गुरुजी, बाबा म्हणतात की त्यांची विहिरीची वही तुमच्याकडे होती. मला प्रकल्पासाठी पाहिजे होती. चाळीस वर्षांपूर्वीचे आकडे मिळाले तर पाणी किती खाली गेले ते सांगता येईल.” आम्ही काय उत्तर देणार? नोटा हरवल्या तर त्या पुन्हा मिळविता येतात. हरवलेल्या वर्षाची नोंद मात्र कोणत्याही किमतीस पुन्हा मिळत नाही.

बंधुभगिनींनो, संशोधन म्हणजे केवळ विज्ञान, असाही एक गैरसमज आहे. आपल्या जिल्ह्याचेच उदाहरण घ्या. वाशीमचे प्राचीन नाव वत्सगुल्म. तेथे १९३९ साली वाकाटक राजा दुसरा विंध्यशक्ती याचा ताम्रपट उजेडात आला. तो त्याच्या राज्याच्या ३७ व्या वर्षी दिलेला असून त्यातील वंशावळ संस्कृतात व दानाचा भाग प्राकृतात आहे. यवतमाळच्या शारदाश्रमाचे य. खु. देशपांडे आणि द. बा. महाजन यांनी तो प्रथम प्रसिद्ध केला; पुढे नागपूरचे महामहोपाध्याय वा. वि. मिराशी यांनी त्यावर विस्ताराने लिहिले. त्या तांब्याच्या पत्र्यांमुळे वाकाटकांची एक स्वतंत्र शाखा आपल्या वाशीमास नांदत होती हे निश्चित झाले आणि अजिंठ्याच्या १६ व्या लेण्यातील झिजलेल्या शिलालेखाचे वाचनही सुधारता आले. हे पत्रे कोणी मोडीत घातले असते तर? आज आपल्या माळ्यांवर जुनी खातेपत्रके, मोडी कागद, लग्नाच्या याद्या, सालदारांचे हिशेब पडलेले आहेत. इतिहासाच्या विद्यार्थ्यास हेच ताम्रपट होत. घर पाडून नवे बांधताना आपण ते किलोच्या भावाने देतो.

भाषेचे पाहा. आपल्या तालुक्यातील पोहरादेवी हे बंजारा समाजाचे मोठे श्रद्धास्थान. तेथे संत सेवालाल महाराजांची समाधी असून रामनवमीस मोठी यात्रा भरते. तांड्यांतून बोलली जाणारी गोरमाटी बोली ग्रीअर्सनसाहेबांच्या भारतीय भाषांच्या पाहणीत विसाव्या शतकाच्या आरंभीच नोंदविली गेली. साता समुद्रांपलीकडच्या माणसाने जिची नोंद घेतली, ती बोली आपल्या शेजारच्या तांड्यातील आजीच्या तोंडून ऐकून घेण्यास आपल्या मुलांस सवड नाही. आपल्या वऱ्हाडी बोलीची गतीही निराळी नाही. जात्यावरच्या ओव्या, पेरणीचे शब्द, गुरांच्या दुखण्याची नावे ज्यांच्या तोंडी आहेत ती पिढी आज ऐंशीच्या घरात आहे. भाषेच्या विद्यार्थ्याने ते शब्द लिहून घ्यावयाचे असतील तर त्यास वेळ थोडा उरला आहे.

आमच्या वऱ्हाडचे डॉ. पंजाबराव देशमुख यांचा जन्म १८९८ साली अमरावती जिल्ह्यातील पापळ या खेड्यात शेतकरी कुटुंबात झाला. विलायतेत शिकावयास गेल्यावर त्यांनी वैदिक वाङ्मयातील धर्माचा उगम आणि विकास हा विषय अभ्यासास घेतला. तो ग्रंथ १९३३ साली प्रसिद्ध झाला. पुढे हेच गृहस्थ १९५२ ते १९६२ या काळात देशाचे कृषिमंत्री होते. शेतकऱ्याच्या मुलाने शेतीवरच अभ्यास करावा असा काही दंडक नाही. एका विषयात प्रामाणिकपणे खणण्याची सवय लागली की ती सवय दुसऱ्या क्षेत्रातही उपयोगी पडते.

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी ९ मे १९१६ रोजी न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात भारतातील जातिसंस्थेवर एक निबंध वाचला. त्या वेळी ते पंचवीस वर्षांचे विद्यार्थी होते. पुढे लंडनमध्ये त्यांनी रुपयाच्या प्रश्नावर प्रबंध लिहिला. तो १९२३ साली प्रसिद्ध झाला. लवकरच हिंदी चलनाची चौकशी करावयास आलेल्या शाही आयोगापुढे त्यांनी साक्ष दिली. ज्ञातिमंडळाच्या व्यासपीठावरून त्यांच्या पहिल्या निबंधाचा उल्लेख करताना आम्हांस अवघडल्यासारखे होते, हे आम्ही लपवीत नाही. परंतु ज्या प्रश्नाने आपणांस अवघडल्यासारखे होते, तोच बहुधा अभ्यासण्याजोगा असतो. विद्यार्थ्यास आपण हेच शिकविले पाहिजे.

मुलींच्या संबंधी एकच उदाहरण देतो. कमला भागवत, म्हणजे पुढे प्रसिद्धीस आलेल्या डॉ. कमला सोहोनी, मुंबई विद्यापीठाची परीक्षा उत्तम रीतीने उत्तीर्ण होऊन १९३३ साली बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत प्रवेश मागावयास गेल्या. संचालक सर चंद्रशेखर वेंकट रामन यांनी मुलगी म्हणून प्रवेश नाकारला. त्यांनी माघार घेतली नाही. अखेर एक वर्ष काम पाहून मग ठरवू, अशा अटीवर त्यांस घेण्यात आले. त्यांचे काम पाहिल्यावर मुलींस त्या संस्थेची दारे उघडली. १९३९ साली त्यांनी केंब्रिज विद्यापीठाची डॉक्टरेट मिळविली. आज आपल्या घरात ‘मुलीला एवढे शिकवून काय करावयाचे, स्थळ मिळणार नाही’ असे बोलणारी वडीलधारी मंडळी आहेत. मोठमोठ्या विद्वानांचीही जेथे चूक झाली, तेथे आपली होणे अशक्य नाही. मात्र चूक ध्यानात आल्यावर तीच धरून बसणे शोभत नाही.

आता सांप्रतच्या सोयींविषयी. सुमारे वीस वर्षांपासून आपल्या राज्यातील विद्यापीठांमध्ये ‘आविष्कार’ नावाची विद्यार्थी-संशोधनाची स्पर्धा होत आली आहे. तिचे विभाग पाहिले म्हणजे विषयाचा विस्तार कळतो. मानव्यविद्या, भाषा व ललितकला हा एक. वाणिज्य, व्यवस्थापन व विधी हा दुसरा. शुद्ध विज्ञान, कृषी व पशुसंवर्धन, अभियांत्रिकी व तंत्रज्ञान, आणि वैद्यक व औषधनिर्माण असे पुढील चार. शाळेतील मुलांसाठी केंद्र शासनाची ‘इन्स्पायर-मानक’ योजना आहे. तीत निवडलेल्या विद्यार्थ्यास आपली कल्पना प्रत्यक्षात आणण्याकरिता १०,००० रुपये मिळतात. २०२० च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणाने पदवीच्या चौथ्या वर्षी संशोधन करण्याची वाट उघडली आहे. पुढे डॉक्टरेट करणाऱ्यांस अधिछात्रवृत्ती देण्याकरिता पुण्यास बार्टी व सारथी आणि नागपुरास महाज्योती अशा संस्था आहेत. ‘शोधगंगा’ या संग्रहात भारतीय विद्यापीठांतील लक्षावधी प्रबंध विनामूल्य वाचावयास मिळतात. पूर्वी जे पाहण्यास नागपूर-मुंबई गाठावी लागे, ते आज मानोऱ्यात बसून वाचता येते.

सोयी वाढल्या, तसा एक रोगही वाढला आहे. तयार प्रकल्प विकत मिळतात. वरचे पान बदलले, नाव घातले, गुण मिळाले. आता तर यंत्रास प्रश्न विचारला की घटकाभरात पानेच्या पाने लिहून येतात. पालकही कौतुकाने पैसे मोजतात. आम्हांस या पालकांस दोष देण्याचा अधिकार नाही. कारण तो मातीचा ज्वालामुखी आमच्याच हातचा होता. परंतु परिणाम सांगणे आमचे कर्तव्य आहे. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांप्रमाणे प्रबंधातील १० टक्क्यांपेक्षा अधिक मजकूर दुसऱ्याचा आढळल्यास शिक्षेची पायरी सुरू होते आणि ६० टक्क्यांच्या वर गेल्यास नोंदणीच रद्द होते. ही झाली कायद्याची शिक्षा. खरी शिक्षा याहून मोठी आहे. ज्याने स्वतः कधी विहीर मोजली नाही, तो पुढे अधिकारी होऊन दुष्काळाची आणेवारी कशी तपासणार? ज्याने उसना निबंध आपला म्हणून दिला, तो डॉक्टर होऊन रोग्याची नोंद किती खरी ठेवील?

आता आपल्या कर्तव्याचा विचार करू. आमच्या अल्पमतीप्रमाणे चार सूचना मंडळापुढे ठेवतो.

पहिली सूचना घराविषयी. मूल शाळेतून आले की आपण ‘किती गुण मिळाले?’ असे विचारतो. त्याबरोबर ‘आज कोणता प्रश्न पडला?’ असेही विचारावे. उत्तर ठाऊक नसेल तर ‘मला ठाऊक नाही, आपण शोधू’ असे म्हणावे. हे एवढे वाक्य आम्ही त्या दिवशी वर्गात उच्चारले असते तर आज येथे कबुली देण्याचा प्रसंग आला नसता.

दुसरी सूचना टिपणवहीची. मंडळाने दर वर्षी शंभर कोऱ्या वह्या घ्याव्यात आणि मागेल त्या विद्यार्थ्यास एक द्यावी. तीत त्याने वर्षभर एकाच गोष्टीची नोंद ठेवावी. सोयाबीनवर पिवळा मोझॅक कोणत्या आठवड्यात दिसला, गोठ्यातील गाय किती दूध देते व चारा कोणता खाते, आठवडी बाजारात तुरीचा भाव कसा हलला, आजीच्या तोंडची किती गाणी लिहून झाली, यांपैकी काहीही चालेल. शंभरांतील पाच वह्या जरी पूर्ण भरल्या, तरी खर्च वसूल झाला असे समजावे. भरलेल्या वह्या मंडळाच्या कपाटात क्रमांक घालून जपाव्यात. त्या रद्दीत जाऊ नयेत, एवढे पथ्य मात्र कडकपणे पाळावे.

तिसरी सूचना या संमेलनाविषयी. पुढील वर्षापासून सत्काराच्या कार्यक्रमात अर्धा तास असा असावा, की त्यात दोन-तीन विद्यार्थ्यांनी आपल्या नोंदी सभेपुढे मांडाव्यात आणि शेतकरी, परिचारिका, वकील, दुकानदार अशा सभासदांनी त्यांस प्रश्न विचारावेत. नारळ व शाल देऊन होतो तो सन्मान खराच. परंतु आपले म्हणणे वडीलधाऱ्यांनी लक्ष देऊन ऐकले आणि तपासले, हा सन्मान मुलाच्या मनात फार दिवस राहतो.

चौथी सूचना कदाचित काहींस रुचणार नाही, तरी सांगतो. या वह्या आणि हे व्यासपीठ केवळ आपल्या ज्ञातीच्या मुलांपुरते राखू नये. मंडळाने पुढाकार घ्यावा, पैसा आपण घालावा, परंतु तालुक्यातील कोणत्याही घरचे, कोणत्याही तांड्यावरचे मूल वही मागावयास आले तर ती त्यास मिळावी. दोन विहिरींमधील धुरा माणसाने घातलेला असतो. खाली पाषाणातील भेग तो धुरा मानीत नाही. ज्ञातिमंडळाने आपल्या मुलांस उचलून धरावे हे योग्यच आहे. पण उत्तम अभ्यासास चांगल्या सोबत्यांची व चांगल्या टीकाकारांची गरज असते आणि ते एकाच घरात पुरेसे मिळत नाहीत.

असो. भाषण लांबले. पहिल्या पंचवीस वह्यांचा खर्च आम्ही आमच्या निवृत्तिवेतनातून देत आहोत. दान म्हणून त्याचा उल्लेख वृत्तान्तात करू नये. ते आमचे देणे आहे. त्यांतील पहिली वही आम्ही त्या मुलीस दिलेली आहे. तिने त्याच दोन विहिरी पुन्हा मोजावयास घेतल्या आहेत. दोरीऐवजी तिच्याजवळ फीत आहे आणि ती दर रविवारी आकडा लिहिते. वडील धुऱ्यावर उभे राहून फीत धरतात. चाळीस वर्षांपूर्वीचे आकडे तिला आम्ही देऊ शकलो नाही. परंतु आजपासून चाळीस वर्षांनी कोणास हवे असतील, तर ते मिळतील अशी व्यवस्था आपण करू शकतो. पुढील संमेलनात ती आपल्या नोंदी मांडील. त्या दिवशी आपण सर्वांनी सहकुटुंब यावे आणि तिला अवघडातले अवघड प्रश्न विचारावेत, एवढी विनंती करून आम्ही आपली रजा घेतो.